हिशेब मागण्याचा अधिकार

शासकीय अधिकारी हा जनतेचा सेवक, असे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. हे वचन प्रत्यक्षात उतरावे म्हणून राजस्थानातील मजुरांना मोठा लढा द्यावा लागला. दुष्काळी कामांवर दिवसभर राबूनही त्यांना किमान वेतन मिळत नसे आणि हजेरीपट पाहू मागितला, तर अधिकारी नकार देत.

मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. हाती आलेले हजेरीपट व बिले तेथे सर्वांसमक्ष वाचली गेली. कामावर कधीच न गेलेल्यांची, इतकेच नव्हे तर मृतांचीही नावे त्यांत निघाली. १९९६ साली ब्यावर येथे अशा कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात म्हणून ४० दिवस धरणे धरण्यात आले.

अशा प्रयत्नांतूनच माहितीचा अधिकार अधिनियम साकारला व १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला. अर्जात कारण सांगण्याचे बंधन नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्कही नाही. उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करता येते. वाजवी कारणाविना विलंब झाल्यास जन माहिती अधिकाऱ्यावर दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती होऊ शकते.

शिष्यवृत्ती कोठे अडली, शिधा कोणाच्या नावे उचलला गेला, हे विचारण्यास एक साधा अर्ज पुरतो. हा हक्क मिळविणाऱ्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपणांस येते, म्हणून शेजाऱ्याचा अर्ज लिहून देणे हे आपले कर्तव्य ठरते.