मूत्रपिंडांचाही ताळेबंद मांडू या

गडमुडशिंगी गावाजवळच गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आहे. सकाळी दुकानांची दारे उघडली की दिवस मावळेपर्यंत येथील व्यापाऱ्याला उसंत मिळत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना उठणे बरे दिसत नाही, म्हणून तहान मारली जाते आणि लघवीला जाणेही लांबणीवर पडते. बाजारात सोयीचे स्वच्छतागृह नसल्यामुळे दुकान सांभाळणाऱ्या स्त्रिया तर मुद्दामच पाणी कमी पितात. पेढीवरच्या या सवयींची नोंद वहीत होत नाही, परंतु शरीर ती ठेवत असते.

आपल्या कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या जवळजवळ 180 लिटर द्रव गाळतात, त्यातील उपयुक्त भाग रक्तात परत पाठवतात आणि केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. रक्तदाब ताब्यात ठेवणे, तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणे आणि हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे ही कामेही त्यांचीच. एकदा कायमची नष्ट झालेली गाळणी मात्र पुन्हा निर्माण होत नाही.

या अवयवाची कठीण गोष्ट अशी, की तो तक्रार करीत नाही. निम्मी शक्ती गेली तरी माणसाला काही जाणवत नाही. पायांवर सूज, लघवीला फार फेस, अन्नावरची वासना उडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ हानी झालेली असते. शेवटच्या टप्प्यात रक्तशुद्धीसाठी म्हणजे डायलिसिससाठी साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास खाटेवर पडून राहावे लागते. उपचारांच्या खर्चाला शासकीय योजनांचा आधार मिळू शकतो. पण घरातील कर्त्या माणसाचे ते दिवस कोणी परत देत नाही. प्रत्यारोपणाचा प्रसंग आला तर दाता बहुधा घरातच शोधला जातो, आणि आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. एका माणसाची हेळसांड अशी साऱ्या घराला भोवते.

पाण्याची वेळ

उकळलेले, गाळलेले पाणी पिण्याची आपल्या घरांतील रीत मूत्रपिंडांच्याही हिताची आहे. दूषित पाण्यामुळे होणाऱ्या जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडते आणि मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते. प्रश्न आहे तो वेळेचा. चौविहार पाळणाऱ्याला हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी थांबवावे लागते आणि नवकारशीपर्यंत तेरा-चौदा तास जातात. उरलेल्या दहा तासांत पाणी नीट विभागून प्यायले पाहिजे. पुष्कळ जण दिवसभर कोरडे राहतात आणि सूर्यास्तापूर्वी घाईघाईने दोन तांबे रिचवतात. ते पाणी थोड्याच वेळात बाहेर जाते. रात्रीची तूट भरून निघत नाही.

त्यापेक्षा घरचे उकळलेले पाणी दोन बाटल्यांत भरून गल्ल्याशेजारी ठेवावे आणि दर तासाला एक पेला घ्यावा. पेला पाव लिटरचा धरला तर दहा तासांत अडीच लिटर होतात. निरोगी माणसाला एवढे सामान्यतः पुरते. उन्हाळ्यात व अंगमेहनतीच्या कामात थोडे अधिक लागते. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा, गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मुतखडा होऊन गेलेल्यांनी तर हा नियम विसरू नये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आधीच आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ खावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा ताटातील तिची जागा पापड, लोणचे, शेव आणि गाठी घेतात. पापडखारातही सोडियम असतेच. त्यामुळे संयमाच्या दिवशीच नेमके मीठ वाढते. त्या दिवशी साधी डाळ, भात, भाकरी आणि कमी मिठाचे खाखरे हे अधिक हितकर. रसपरित्यागात ज्या रसांचा त्याग सांगितला आहे त्यांत दिगंबर परंपरा मीठही गणते, हे येथे आठवावे. सैंधव निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या काही मिठांत पोटॅशियम असते. मूत्रपिंड दुबळे झालेल्यांना ते घातक ठरू शकते.

उपवास आणि औषधे

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्या निरोगी व्यक्तीने आदल्या दिवशी भरपूर पाणी घ्यावे. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर पर्वाच्या आठ-पंधरा दिवस आधीच डॉक्टरांना भेटावे. कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची हे आपण आपल्या मनाने ठरवू नये.

दिवसभर उभे राहून गुडघे दुखतात, गादीवर बसून कंबर धरते. मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते आणि तिची सवयच होते. अशा अनेक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. उपाशी व तहानलेल्या शरीरात त्यांचा धोका वाढतो. घटक माहीत नसलेली भस्मे आणि चूर्णेही घेऊ नयेत, काहींत शिसे व पारा यांसारखे जड धातू आढळलेले आहेत.

वर्षाची तपासणी

मूत्रपिंड निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. म्हणून या दोन्हींपैकी काही असलेल्यांनी, तसेच घरात मूत्रपिंडविकाराचा इतिहास असलेल्यांनी, वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. त्यावरून वयानुसार काढलेला गाळणक्षमतेचा आकडा, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तो विचारावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार समजला जातो. वेळीच कळले तर औषधे आणि पथ्य यांनी त्याची गती पुष्कळ मंदावते.

मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार 2006 पासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. आपल्या पेढ्यांवर तेव्हा मार्चअखेरच्या हिशेबांची लगबग असते. त्याच आठवड्यात घरातील प्रत्येक प्रौढाची, विशेषतः सर्वांचे झाल्यावर स्वतःकडे पाहणाऱ्या गृहिणीची, तपासणी करून घ्यावी आणि तिचे कागद एका फाईलमध्ये वर्षवार लावून ठेवावेत. व्यापारातील तूट पुढच्या हंगामात भरून काढता येते. ही तूट भरून निघत नाही, म्हणून ती पडण्याआधीच दिसली पाहिजे.