पावती निघाली की नाही, हे कॉम्प्युटरला कसं कळतं?



परवा सकाळी काट्यावर झालेला गोंधळ बऱ्याच जणांनी बघितला. कारंजा धरणातला कटला-रोहू मोजला, वजन पडद्यावर आलं, बटण दाबलं, पण पावती काही येईना. पोरानं परत दाबलं, परत दाबलं. मग रोल बदलला तर एकाच मालाच्या तीन पावत्या भराभर बाहेर! मागून कुणीतरी म्हणालं, "सेक्रेटरी, ह्यात काय तर गडबड हाय." बोलणं मला लागलं, पण विचारणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडं पावती म्हणजेच पैसा. म्हणून सविस्तर लिहितोय.

आपण बटण दाबलं की सॉफ्टवेअर मजकूर कॉम्प्युटरच्या रांगेत टाकतं आणि रांग तो प्रिंटरकडं ढकलते. पडद्यावर "प्रिंट झालं" दिसतं त्याचा अर्थ एवढाच, की मजकूर पुढं दिला. पेटी बिदरच्या गाडीत चढवली म्हणजे बाजारात उतरली असं होत नाही, तसंच हे. परवा तिन्ही वेळा मजकूर रांगेत थांबला आणि कागद मिळताच एकदम छापला गेला.

मग खरी स्थिती कळायची कशी? प्रिंटरलाच विचारायचं. पावतीच्या बहुतेक प्रिंटरना जपानच्या एप्सन कंपनीची 'ईएससी/पीओएस' नावाची भाषा समजते. त्यात सॉफ्टवेअर तीन आकडे पाठवतं: 16, 4 आणि मग 1 ते 4 पैकी एक. 1 म्हणजे एकूण हालहवाल, 2 म्हणजे बंद का पडलास, 3 म्हणजे बिघाड कोणता, 4 म्हणजे कागद किती. ह्या प्रश्नाला रांग नाही. कागद संपून प्रिंटर अडून बसला असला तरी उत्तर लगेच येतं. रांगेत उभा राहणारा दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्नही असतो, पण काम अडलं की तोही मागंच अडकतो, मग त्याचा उपयोग काय?

उत्तर म्हणून एकच आकडा येतो. त्यात आठ दिवे आहेत असं समजा, प्रत्येक चालू नाहीतर बंद. त्यातले 2 आणि 16 किमतीचे दोन दिवे कायम चालू असतात, म्हणून सगळं ठीक असेल तर उत्तर 18. कागदाच्या प्रश्नाला रोल संपत आला असेल तर त्यात 12 मिळून 30 येतात. पूर्ण संपला तर आणखी 96, म्हणजे 126. दुसऱ्या प्रश्नाला झाकण उघडं असेल तर 4 वाढून 22.

आणि उत्तरच आलं नाही तर? वायर निघाली असेल, वीज गेली असेल, किंवा स्वस्तातल्या काही ब्लूटूथ प्रिंटरसारखं त्याला उलट बोलताच येत नसेल. गप्प बसला म्हणजे ठीक आहे, असं सॉफ्टवेअरनं धरू नये. इथंच पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो.

एक गोष्ट मात्र प्रिंटरलाही कळत नाही. रोल उलटा बसवला तर कागद कोरा बाहेर येतो आणि उत्तर तरीही 18! ह्या कागदाला शाई नसते, एका बाजूला उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. रोल घालण्याआधी नखानं जोरात ओढून बघा, काळी रेघ उठली ती लेपाची बाजू. ती छापणाऱ्या डोक्याकडं यायला पाहिजे.

आता परवाच्या तीन पावत्यांचं. तिन्हींवर नंबर एकच होता, म्हणजे वहीत नोंद एकच, पैसेही एकदाच. आता सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलंय: आधी नोंद पक्की, मग प्रिंटरला विचारणं, मग छपाई, मग परत विचारणं. दुसऱ्यांदा छापली तर वर "दुबार" असं मोठं यायला पाहिजे. हे काम होईपर्यंत पावतीचा नंबर वहीशी ताडून घ्या.

आणि पावती उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा तेलकट हातानं ठेवू नका, अक्षरं उडतात. घरी गेल्यावर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.