फोटोला गुण कोण देतं?
पडद्यावरचं रान : लेखांक 9

पाण्याखालच्या खेळांत या आठवड्यात उतरायचं ठरलं होतं. ते एक आठवडा लांबलं, कारण आर्वीच्या एका शिक्षिकेचं पत्र. मागचा लेखांक वाचून त्यांच्या घरी 'न्यू पोकेमॉन स्नॅप' हा प्राण्यांचे फोटो काढायचा व्हिडिओ गेम सुरू झाला आणि त्यापाठोपाठ वादही. पाचवीतल्या मुलानं मावळतीच्या उजेडात, चौकटीच्या कडेला पाठमोरा उभा असलेला एक प्राणी टिपला. आईला तो फोटो फार आवडला. खेळातल्या प्रोफेसरांनी मात्र त्याला किरकोळ गुण दिले, आणि प्राणी ऐन मधोमध पडदा भरून उभा आहे अशा एका ठोकळेबाज फोटोचं तोंडभरून कौतुक केलं. 'ज्याला फोटो कळत नाही त्याला परीक्षक कुणी केलं?' असं बाई विचारतात.

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या खास आवडीचाही. तेव्हा आजचा लेखांक सगळा त्यालाच.

या परीक्षकांच्या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे प्रोफेसर ओक. आडनावावरून सदाशिव पेठेतले वाटले तरी ते पोकेमॉनच्या दुनियेतले. 1999 साली निन्टेंडो 64 या यंत्रावर पहिला 'पोकेमॉन स्नॅप' आला. त्यात तुम्ही एका गाडीत बसता, गाडी ठरलेल्या वाटेनं आपोआप पुढे सरकते आणि एका फेरीत 60 फोटो काढता येतात. फेरी संपली की एकेका प्राण्याचा एकेकच फोटो निवडून ओकसाहेबांपुढे ठेवायचा.

या खेळाची जन्मकथा मोठी बोलकी आहे. तो बनवणाऱ्या हॅल लॅबोरेटरीचे तेव्हाचे प्रमुख सातोरू इवाता यांनी पुढे सांगितलं होतं की सुरुवातीला त्यात पोकेमॉन नव्हतेच. नुसता फोटो काढायचा खेळ होता. पण खेळणाऱ्यानं फोटो काढावा तरी कशासाठी, हेच कुणाला कळेना. मग नावानिशी ओळखीचे प्राणी आणून ठेवले आणि खेळ उभा राहिला. पक्षिनिरीक्षणाला नवखी पोरं घेऊन जाणाऱ्या कुणालाही हे पटेल. नाव ठाऊक नसलेल्या चिमणीएवढ्या पक्ष्यावर कुणी कॅमेरा रोखत नाही. 'हा शिंजीर' म्हटलं की सगळे मोबाईल वर होतात.

आता गुणांकडे. ओकसाहेब ढोबळमानानं तीन गोष्टी बघायचे. प्राणी चौकटीत केवढा आलाय, तो काय करतोय आणि तोंड आपल्याकडे आहे का, आणि तो मधोमध आहे का. मधोमध असला तर गुण दुप्पट! 2021 च्या नव्या खेळात हिशेब जरा बारीक झाला. आकार, दिशा, जागा, हावभाव, सोबतचे इतर प्राणी, मागचा देखावा अशी वेगवेगळी कलमं आली. शिवाय वागणं किती विरळा आहे त्यावर एक ते चार तारे. पण मूळ वळण तेच राहिलं.

आणि इथेच बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. परीक्षक फोटो बघतच नाही. आपण बटण दाबतो त्या क्षणी यंत्राजवळ आकड्यांची एक यादी असते. कॅमेरा कुठे आहे, कुठे रोखलाय. प्राणी कुठे आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि त्या घडीला त्याची कुठली हालचाल चालू आहे: झोप, खाणं, उडी, भांडण. हे रान यंत्रानंच रचलेलं असल्यामुळे त्याला हे सगळं आधीच ठाऊक असतं. प्राण्याभोवती एक अदृश्य पेटी कल्पायची, ती पडद्याचा किती भाग व्यापते ते मोजायचं, तिचा मध्य पडद्याच्या मध्यापासून किती लांब आहे ते मोजायचं, मध्ये झाडबीड आडवं येतंय का ते तपासायचं. झाले गुण. गणिताच्या पेपरात उत्तराला गुण मिळतात, अक्षराला नाही, त्यातलाच प्रकार. मावळतीचा उजेड, अंगावर पडलेली सावली, कडेला सोडलेली मोकळी जागा यांचा त्या यादीत रकानाच नाही. प्रोफेसर अरसिक नाहीत, त्यांना डोळेच नाहीत. मुलाला सांगा, तो फोटो अल्बममध्ये वेगळा ठेव. तिथे परीक्षक येत नाही.

खऱ्या पक्ष्याच्या फोटोवरून नाव सांगणारं मर्लिन हे अॅप याच्या अगदी उलट टोकाला उभं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं ते काम. त्याला रानाबद्दल आतली माहिती काहीच नसते. आपण दिलेलं चित्र, ठिकाण आणि तारीख एवढ्यावर ते अंदाज बांधतं. ते खरोखर फोटो बघतं, पण गुण देत नाही, फक्त नाव सांगतं. थोडक्यात, एक परीक्षक न बघता गुण देतो आणि दुसरा बघूनही देत नाही. मला विचाराल तर दुसरा परवडला.

कारण पहिल्याच्या गुणांमागोमाग एक हत्यारपेटी येते. 1999 च्या खेळात पुढे पुढे तीन वस्तू हाती लागतात. पहिली सफरचंदं: टाकली की प्राणी खायला जवळ येतो. दुसरे धुराचे गोळे: मारले की लपलेला प्राणी बाहेर पडतो. तिसरी बासरी: वाजवली की झोपलेला उठतो, नाचायला लागतो. म्हणजे आमिष, हुसकावणी आणि आवाज. आपल्याकडे मोठी लेन्स गळ्यात घालून फिरणाऱ्यांच्या ज्या तीन खोडींवर पक्षिमित्र वर्षानुवर्षं बोटं मोडतात, नेमक्या त्याच तीन! पक्ष्यापुढे किडे टाकणं, फांदीवरून उडावा म्हणून ढेकूळ भिरकावणं, आणि स्पीकरवर त्याच्याच जातीचा 'कॉल' लावून त्याला भांडायला बाहेर काढणं. नव्या खेळातून धुराचे गोळे गेले, आणि जे फळ टाकायचं ते अंगाला लागू नये इतकं मऊ केलं. बनवणाऱ्यांना कुठेतरी खटकलं असणार. सूर मात्र राहिला, आमिषही राहिलं.

वर्ध्यापुरतं बोलायचं तर नीलपंखाचं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी नागरिकांच्या मतदानातून आपण त्याला शहरपक्षी म्हणून निवडून दिलं. दसऱ्याला याचं दर्शन शुभ मानणारी मंडळीही आपल्याकडे आहेत. सेलूच्या रस्त्यानं पऱ्हाटीच्या वावराकडेच्या तारेवर तो बसलेला असतो. बसलेला असताना तसा मळकट दिसतो, तपकिरी छाती, जड डोकं. पंख उघडले की निळ्याच्या दोन छटा एकदम समोर येतात. त्यामुळे प्रत्येकाला त्याचा 'फ्लाइट शॉट' हवा असतो. ओकसाहेबांच्या भाषेत हावभावाचे गुण! मग गाडीचं दार धाडकन आपटणं, टाळ्या वाजवणं, ढेकूळ मारणं असले प्रकार चालतात. तो उडतो, पण आपल्याकडे पाठ करून, आणि पार तिसऱ्या वावरात जाऊन बसतो.

याची अजिबात गरज नसते. नीलपंखाची शिकारीची तऱ्हाच बसून वाट बघायची आहे. तारेवरून खाली टक लावून असतो. नाकतोडा किंवा भुंगेरा हलला की सूर मारतो, उचलतो आणि पुष्कळदा त्याच तारेवर परत येतो. भक्ष्य दोन-चारदा आपटतो आणि गिळतो. म्हणजे परतीच्या वाटेवर तो पंख पसरून, तोंड आपल्याकडे करून येणार, हे आधीपासून माहीत असतं. गाडी लांब उभी करायची, इंजिन बंद करायचं, लेन्स तारेच्या त्या जागेवर जुळवून ठेवायची आणि बसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या सुराला फोटो मिळतो, आणि पक्ष्याचं जेवणही होतं.

पण सगळेच बसत नाहीत, आणि बाब नीलपंखापुरती राहत नाही. 31 डिसेंबर 2024 ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, 'एफ-2' वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवली. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. त्या गाड्यांमधल्या कुणाच्या हातात बंदूक नव्हती. होते ते मोबाईल आणि कॅमेरे. 'चौकटीत प्राणी केवढा आलाय' हे एकच कलम डोक्यात असलं की असं होतं.

घरट्यांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय. उन्हाळ्यात ढोलीतल्या नीलपंखाच्या पिल्लांचा फोटो मिळावा म्हणून आड येणारी डहाळी मोडणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आता माझा मुद्दा. वर म्हटलं तसं, खेळातल्या यंत्राला प्राण्याची त्या क्षणाची हालचाल ठाऊक असते. म्हणजे तो आपल्यामुळे दचकला, पळाला की स्वतःच्या नादात होता, हेही ठाऊक असतं. दचकवल्याचे गुण कापणं हे अशा यंत्राला सगळ्यात सोपं काम. आपल्या रानात तेच सगळ्यात अवघड, कारण पक्षी उडाला तो आपल्यामुळे की शिक्र्यामुळे हे सांगायला कुणी नसतं. तरी प्रोफेसरांची रीत उलटीच आहे. डिवचल्यावर प्राणी काही विरळा वागला की तारे वाढतात. उद्या कुणी वर्ध्याच्या पोरानं बोरच्या रानावर असा खेळ बनवला, तर त्यानं आकाराचं कलम आधी काढून टाकावं. फोटो काढण्याआधी प्राणी जे करत होता तेच फोटोनंतरही करत राहिला, तर पूर्ण गुण. उडाला, तर शून्य. बोर व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र अवघं 138 चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत दुसरा कुठला नियम चालणारही नाही.

असा खेळ अगदीच नाही असं नव्हे. 'मॉन्युमेंट व्हॅली' बनवणाऱ्या लंडनच्या 'असटू गेम्स'नं 2020 च्या डिसेंबरात 'अल्बा' आणला. आजी-आजोबांकडे स्पेनच्या एका काल्पनिक बेटावर आलेली अल्बा ही मुलगी मोबाईलनं पक्षी-प्राणी टिपते, आणि टिपलेला प्राणी तिच्या यादीत नोंदला जातो. बस. गुण नाहीत, तारे नाहीत, फळं फेकणं नाही. अभयारण्याच्या जागी होऊ घातलेलं हॉटेल थांबवायला ती गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते, कचरा उचलते, पक्ष्यांसाठीची मोडलेली खोकी दुरुस्त करते. फोटो इथे पुरावा आहे, पदक नाही. बाईंनी मुलापुढे आता हा ठेवावा. दोन्ही खेळल्यावर फरक तो स्वतःच सांगेल.

आणि बिनपडद्याचा खेळ हवा असेल तर तोही आहे. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. त्यांच्यामधला आठवडा राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात एका जागी पंधरा मिनिटं बसा, पवनारला धाम नदीच्या काठी किंवा घरच्या गच्चीवर, आणि दिसलेल्या पक्ष्यांची नावं आणि संख्या लिहून काढा. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलीत तर उत्तमच, तिथेही फोटोची सक्ती नाही.

पाण्याखाली पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर याद्या पाठवा, फोटोही पाठवा. घरट्यांवरचे मात्र पाठवू नका, कितीही सुंदर असले तरी या सदरात त्यांना जागा मिळणार नाही.