पावकिलो फुलांत अर्धं जग

धुळे शहरातून पांझरेवरचा पूल ओलांडला की देवपूर लागतं. नदीच्या काठालाच एकवीरा देवीचं मंदिर. खानदेशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता, त्यामुळे चैत्रात आणि नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या दिवशी मात्र सकाळी निवांत जाता येतं. बाहेर फुलांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. झेंडू, शेवंती, गलांडा, बाजूला निशिगंधाच्या छड्या, आणि सगळ्यांवर ओलं फडकं. फूलवाली फडकं थोडं उचलून दाखवते आणि अहिराणीत खात्री देते, "सकायमाच तोडेल शेतस, ताई." पावकिलो झेंडू घेतला तर तीस-चाळीस फुलं ओंजळीत येतात. त्यातली पाच-सात देवाला वाहून उरलेल्या फुलांत एका घराच्या दोन खोल्या उजळतात. वाढदिवसाला आणतात त्या सेलोफेनमधल्या एका गुच्छाच्या पैशांत अशी फुलं आठवडाभर आणता येतील.

पण स्वस्त आहेत म्हणून ही फुलं साधी आहेत, असं समजू नका. त्या एका टोपलीत अर्ध्या जगाचा प्रवास आहे.

झेंडूपासूनच सुरुवात करू. तोरणाला झेंडू नसेल तर आपल्याला दसरा झाल्यासारखा वाटत नाही. तो इतका आपला झाला आहे की तो परदेशी आहे हे सांगितलं तर घरातली वडीलधारी माणसं विश्वास ठेवत नाहीत. झेंडू मूळचा मेक्सिकोतला. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचं जुनं नाव सेंपोआल्शोचित्ल, म्हणजे 'वीस-फूल'. त्या लोकांची मोजणी विसाच्या पटीत चाले, म्हणून वीस म्हणजे पुष्कळ. १५१९ साली स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले आणि त्यानंतर हे बी जहाजांतून जगभर गेलं. भारतात ते पोर्तुगिजांबरोबर आलं. इंग्रजांनी त्याला आफ्रिकन हे विशेषण चिकटवलं, पण आफ्रिकेशी त्याच्या जन्माचा काही संबंध नाही. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. घरातून गेलेल्या माणसांना वाट सापडावी म्हणून तिथे झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. आपल्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरतात. तिकडे फुलांची वाट, इकडे पाण्याची घागर. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायला फार आवडतं.

निशिगंधही मेक्सिकोचाच. त्याला रात्री वास का येतो? तो पतंगांना बोलावण्यासाठी. त्याची लांब पांढरी नळी आणि अंधारात दूरवर जाणारा सुगंध, दोन्ही रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहेत. तांबडा-पिवळा गलांडा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातला आणि उत्तर मेक्सिकोतला. गेलार नावाच्या अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाला वनस्पतिशास्त्राचा नाद होता, त्याच्यावरून शास्त्रज्ञांनी त्याला गेलार्डिया म्हटलं, आणि आपल्या जिभेवर घोळून त्याचा गलांडा झाला. शेवंती चीनमधली. तिथे ती दोन हजारांहून अधिक वर्षं लावली जाते, आणि जपानच्या राजघराण्याच्या मुद्रेवर सोळा पाकळ्यांची शेवंतीच आहे. अंगणात कुणी न लावता उगवणारी गुलबक्षीसुद्धा अमेरिका खंडातूनच आली. तिची फुलं दुपार कलल्यावर उमलतात. याच गुलबक्षीवर प्रयोग करून कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये दाखवलं, की पानांच्या रंगाचा काही वारसा फक्त आईकडूनच येतो. आनुवंशिकतेच्या पुस्तकातला हा धडा आपल्या मोरीशेजारी उभा असतो.

आता एक झेंडू हातात घ्या आणि मधोमध चिरून पाहा. हिरव्या पेल्यात दाटीवाटीनं पाकळ्या उभ्या दिसतील. त्यातली एक चिमटीत धरून ओढा. तिच्या बुडाशी बारीक काडी असते, वाळलेल्या फुलात ती काळी झालेली दिसते. ती काडी म्हणजे बी. याचा अर्थ आपण जिला पाकळी म्हणतो ते एक आख्खं फूल आहे, आणि ज्याला फूल म्हणतो ती एका पेल्यात भरलेली वस्ती आहे. शेवंती, गलांडा, सूर्यफूल, सगळ्यांचं असंच. या सूर्यफूल कुळात जवळपास ३२ हजार जाती आहेत. झेंडूचा पिवळा रंग ल्युटीन या द्रव्याचा. अंड्यातला बलक गडद पिवळा व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात. आणि आपल्या डोळ्याच्या पडद्यावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते तिथेही, हेच ल्युटीन असतं.

एवढं सगळं असून झेंडू स्वस्त का, तर तो गरिबीत वाढतो म्हणून. हलकी जमीन चालते, पाणी बेताचं चालतं. शिवाय तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे. कपाशीच्या किंवा टोमॅटोच्या कडेनं त्याच्या ओळी लावतात, कारण बोंडअळीची मादी झेंडूकडे ओढली जाते आणि मुख्य पीक वाचतं. त्याच्या मुळांतल्या द्रव्यामुळे जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. दसरा-दिवाळीला त्याचा भाव चढतो आणि सण सरला की एकदम कोसळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही वाईटच गोष्ट. पण ज्याला घरात फुलं हवीत त्यानं नेमक्या त्याच दिवसांत रोज घ्यावीत. त्याचं घर सजतं आणि एखादी टोपली उकिरड्यावर जायची वाचते.

घरी आणल्यावर पुढे काय? आपल्याकडे फुलं बहुतेक सुटी मिळतात, देठ जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्यांना फुलदाणी उपयोगाची नाही आणि विकत घ्यायचीही गरज नाही. पितळी परात, घंगाळ, काचेचा मोठा वाडगा, अगदी मातीचं पसरट भांडंही चालतं. दोन बोटं पाणी घालायचं आणि फुलं देठाकडून पाण्यात सोडायची. झेंडूच्या दाट पाकळ्यांत हवा अडकलेली असते म्हणून तो तरंगतो, आणि खालच्या आखूड देठातून पाणी पीत राहतो. मातीचं भांडं असेल तर दुधात साखर. धुळ्याचा मे महिना चाळिशीच्या वर तापतो, तेव्हा मातीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचं जे गणित, तेच फुलांचं. फक्त भांडं पंख्याच्या झोतात ठेवू नये, वाऱ्यानं पाकळ्यांतलं पाणी ओढलं जातं.

निशिगंधासारख्या छडीच्या फुलांचं मात्र तंत्र वेगळं. देठाच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. पानाफुलांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीनं खालून पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली. छडी कापली की ओढ थांबत नाही. पाणी नसतं म्हणून त्या नळ्यांत हवा शिरते, आणि तो हवेचा बुडबुडा पाण्याची वाट अडवून बसतो. मग छडी पाण्यात ठेवूनही तहानलेली राहते. उपाय सोपा आहे. बादलीत पाणी घ्या, छडीचं टोक त्यात बुडवा, आणि पाण्याखालीच दोन बोटं देठ तिरका कापा. धारदार सुरी हवी, बोथट कात्रीनं देठ चेंगरतो. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाका, कारण ती कुजतात आणि त्यावर वाढलेले जिवाणू पुन्हा त्याच नळ्या बंद करतात. एक लिटर पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धं लिंबू पिळलं तर कळ्यांना खाऊ मिळतो. पण साखर जिवाणूंनाही आवडते, तेव्हा असं पाणी रोज बदलणार असाल तरच साखर घाला. नुसतं स्वच्छ पाणी आणि रोज थोडा थोडा कापलेला देठ, एवढंही पुरतं. जुनं पाणी ओतून देऊ नका. लिंबू-साखर न घातलेलं असेल तर ते तुळशीला घाला. धुळ्यात पाण्याची किंमत सांगायला नको. निशिगंध खालून वर उमलतो, म्हणून सुकलेलं खालचं फूल रोज खुडत गेलं की वरच्या कळ्यांना वाव मिळतो.

आता एक गोष्ट जी खानदेशातल्या घराला इतर कुणापेक्षा जास्त लागू आहे. फुलं केळ्यांजवळ ठेवू नका.

आपल्याकडे केळी घरात नाहीत असा दिवस विरळा. रावेर-यावलच्या पट्ट्यातली जळगावची केळी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती टेबलावर असतेच, आणि फुलंही शोभेसाठी त्याच टेबलावर येतात. पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं. त्याला रंग नाही, आणि घरात तो इतका थोडा असतो की वासही येत नाही. त्याचा झाडांवरचा परिणाम कसा कळला ते ऐकण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या वायूवर जळत. जिथे नळ गळका असे तिथल्या झाडांची पानं अवेळी गळून पडत, आणि कारण कुणाला उमगत नसे. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह हा तरुण वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत वाढवत होता. ती सरळ वर जाण्याऐवजी आडवी वाढायला लागली. बाहेरच्या मोकळ्या हवेत मात्र सरळ वाढली. त्यानं कारण शोधून काढलं आणि १९०१ साली प्रसिद्ध केलं. दिव्याच्या वायूतलं इथिलीन हेच ते कारण. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यानं दाखवलं, की पिकणारी फळं स्वतःच इथिलीन तयार करतात. म्हणजे वनस्पतीचं हे संप्रेरक वायूच्या रूपात हवेतून जातं. एका फळाचा निरोप शेजारच्या फळाला पोचतो, म्हणून तर आढीत एक आंबा पिकला की बाकीचे मागोमाग पिकतात.

केळीच्या व्यापाऱ्यांचे रायपनिंग चेंबर याच ज्ञानावर चालतात. बंद खोलीत मोजून इथिलीन सोडायचं, की हिरवा माल एकसारखा पिवळा होतो. फुलाला मात्र हाच निरोप म्हातारपणाचा असतो. कार्नेशनसारखी नाजूक फुलं इथिलीनच्या वाऱ्यानंही मिटतात. शेवंतीला त्याचा त्रास कमी, आणि ती जास्त दिवस टिकण्यामागे हेही एक कारण आहे. फ्रिजमध्ये गजरा ठेवायचा तर फळांच्या कप्प्यापासून लांब, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा. टोपलीतलं सुकलेलं फूल लगेच काढावं, कारण सुकणारी कितीतरी फुलं स्वतःही हाच वायू सोडतात.

शेवंती थंडीतच का येते, हेही सांगायला हवं. तिला थंडीइतकीच रात्रीची लांबी कळते. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी मोजतात हे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली सिद्ध केलं. व्यापारी बागांत रात्री दिवे लावून शेवंतीला फसवतात आणि फुलं हव्या त्या दिवसापर्यंत लांबवतात. आपल्याला घरी ऋतूच्या विरुद्ध जायची गरज नाही. ऋतूचं फूल तेच स्वस्त फूल, हा बाजाराचा सरळ नियम आहे.

थंडीत शेवंती. होळीच्या सुमाराला सातपुड्याकडचा पळस पेटतो, गळून पडलेली त्याची फुलं ताटात मांडली की दुसरं काही लागत नाही. उन्हाळ्यात मोगरा. त्याच्या कळ्या पहाटे खुडलेल्या घ्याव्यात, संध्याकाळी त्या घरात उमलतात. चार-पाच स्वच्छ धुतलेल्या कळ्या माठात टाकायची आपली जुनी रीत आहे, ती मोडू नये. आणि कुंपणावरची बोगनवेल तर बारा महिने फुकट. तिचा जांभळा रंग फुलाचा नाहीच. ती रंगीत पानं आहेत, खरं फूल आत इवलंसं पांढरं असतं. तिचा देठ पाणी नीट पीत नाही, तेव्हा तिला फुलदाणीत न खोचता वाडग्यात तरंगवा.

फुलं मांडताना गर्दी करू नका असं मी मैत्रिणींना कायम सांगते. उंबऱ्याशी एक परात, जेवायच्या जागी एक वाडगा, आणि घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याच्या उशाशी नजरेला पडेल असं एक तरी फूल. उशाशी निशिगंध नको, त्याचा वास बंद खोलीत जड होतो. तिथे शेवंतीच बरी.

यंदाच्या दसऱ्याचं तोरण वाळलं की कचऱ्यात टाकू नका. त्यातली चांगली भरलेली चार फुलं कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, आणि आषाढाच्या शेवटी कुंडीत चुरगाळून मातीखाली दाबा. एका फुलात डझनांनी बिया असतात. संकरित वाणाचं फूल हुबेहूब आईसारखं येईलच असं नाही, पण फूल येतं. पेरल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे पुढच्या दसऱ्याला.