मोटारीच्या टपावरचा तंबू आणि त्याची शिडी

पीक राखणारा शेतकरी शेतात मचाण बांधतो आणि रात्री शिडीने वर चढून झोपतो. खाली ओल, साप-विंचू, रानडुकरे. वर कोरडी जागा आणि दूरवर नजर. हीच सोय मोटारीच्या टपावर केली की झाला टपावरचा तंबू. इटलीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस असे तंबू विकले जाऊ लागले. १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीतील हौशी लोकांनी तो त्राबांट नावाच्या चिमुकल्या मोटारीवरही बसवला. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत तो आता नेहमीचाच झाला आहे, आणि अलीकडे आपल्याकडचे काही प्रवासीही तो वापरू लागले आहेत.

या तंबूच्या कापडाची आणि गादीची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. शिडीविषयी मात्र चार ओळीही नसतात. खरे तर धोका तेथेच आहे. दोन मीटर उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आपटतो तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरांहून अधिक असतो. आणि ही शिडी अंधारात, झोपेतून उठून, पुष्कळदा दवाने ओली असताना उतरायची असते!

प्रथम भिंतीला टेकवलेली साधी शिडी घेऊ. भिंत गुळगुळीत आहे आणि शिडीचे स्वतःचे वजन नगण्य आहे, असे मानू. शिडीचा माथा ४ मीटर उंचीवर आहे आणि तळ भिंतीपासून १ मीटर दूर आहे. ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा अगदी माथ्यापाशी उभा आहे. तळाच्या बिंदूभोवती परिबले काढा. मुलाच्या भाराचे परिबल ५० × १, तर भिंतीच्या प्रतिक्रियेचे परिबल प्रतिक्रिया × ४. दोन्ही सारखी असली पाहिजेत. म्हणून भिंतीची प्रतिक्रिया १२.५ किलोग्रॅम-भार येते. ही प्रतिक्रिया शिडीला बाहेर ढकलते, आणि तिला तोंड द्यायला तळाशी असलेल्या घर्षणाशिवाय दुसरे कोणी नाही.

आता तळ २ मीटर दूर न्या. तोच मुलगा, तीच उंची. पण लागणारे घर्षण २५ किलोग्रॅम-भार, म्हणजे दुप्पट झाले. उलट, मुलगा निम्म्या उंचीवर असेल तर ते निम्मेच लागते. खालच्या पायरीवर उभे राहून ‘शिडी पक्की आहे’ असा निर्वाळा देणारे लोक आपण नेहमी पाहतो. त्यांची ही परीक्षा व्यर्थ होय. शिडी सरकायची ती माणूस वर पोहोचल्यावर.

आणखी एक गंमत पाहा. मुलाऐवजी १०० किलोग्रॅमचे गृहस्थ चढले तर? घर्षण दुप्पट लागेल, पण जमिनीवरचा दाबही दुप्पट होईल. दोहोंचे गुणोत्तर तेच राहील. शिडी सरकेल की नाही हे माणसाच्या जाडीवर नव्हे, तर मुख्यतः तळाचे आडवे अंतर भागिले उंची या अपूर्णांकावर ठरते. हा अपूर्णांक घर्षणगुणांकाहून लहान असला पाहिजे. चारास एक हे प्रमाण ठेवले की तो ०.२५ येतो आणि शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करते. याहून फार उभी केली तर चढणाऱ्याचा गुरुत्वमध्य तळाच्या मागे जाऊन शिडीसकट उताणे पडण्याची भीती. कोन मोजायला साधन नको: शिडीच्या तळाशी पायाची बोटे टेकवून ताठ उभे राहा आणि हात खांद्याच्या पातळीत समोर सरळ करा. तळवे पायरीला लागले की कोन बरोबर आहे.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. गुळगुळीत पत्र्याच्या डब्याला फूटपट्टी तिरकी टेकवा आणि पट्टीवर किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याने बांधा. जुडगा खाली असताना स्थिर राहणारी पट्टी, तो हळूहळू वर सरकवला की एका जागी अचानक घसरते. टेबलावर कागद घालून आणि मग कापड घालून ती जागा कशी बदलते, हेही पाहावे.

आता तंबूकडे वळू. उलगडणाऱ्या तंबूची निम्मी फळी टपावरच्या कॅरिअरला पक्की असते. उरलेली निम्मी बिजागरीवर उलटून मोटारीबाहेर येते आणि तिच्या कडेला शिडी जोडलेली असते. म्हणजे ही नुसती चढायची शिडी नव्हे. ती बाहेरच्या फळीचा खांब आहे. आत माणसे झोपली की त्यांचा काही भार रात्रभर शिडीच्या माथ्यावरच राहतो. आपण वर काढलेली सर्वांत वाईट स्थिती, माणूस अगदी माथ्याशी असतानाची, येथे कायमची असते. म्हणून कोनाबाबत येथे सैलपणा चालत नाही. फळी २ मीटर उंचीवर असेल तर शिडीचा तळ जोडाच्या सरळ खालून साधारण अर्ध्या मीटरवर यावा.

लांबीही तितकीच महत्त्वाची. बाहेरची फळी १२० सेंटिमीटर रुंद असून शिडी ५ सेंटिमीटर तोकडी पडली तर फळी दोन अंशांहून अधिक कलते आणि बिजागरीवर ताण येतो. शिडी लांब झाली तर फळी वर उचलली जाऊन तोच ताण उलट्या दिशेने पडतो. फळीवर पाणसळ ठेवून शिडी कमीजास्त करावी. पाणसळ नसेल तर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली तरी भागते. लांबी धरून ठेवणाऱ्या खिट्या दोन्ही दांड्यांत सारख्याच क्रमांकाच्या भोकांत आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. एक खिटी एक भोक वर गेली की शिडीला पीळ बसतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची शिडी असेल तर प्रत्येक सांध्याची दोन्ही बाजूंची कळ बसल्याची खात्री करावी. माणसे वर गेली की मोटारीच्या स्प्रिंगा दबतात आणि टप किंचित खाली येतो. त्यासाठी एकाला आत बसवून पाणसळ पुन्हा पाहावी. अर्थात हे सारे मोटार सपाटीवर, गिअरमध्ये आणि हातब्रेक ओढून उभी असताना.

जमीन मऊ असेल तर? शिडीच्या एका पायाची टोपी ४ × ३ सेंटिमीटर धरू. दोन पाय मिळून २४ चौरस सेंटिमीटर. ६० किलोग्रॅमचा भार त्यावर आला तर दाब दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम होतो. वाळूत किंवा ओल्या मातीत शिडी रुतणारच. पायांखाली ३० × २० सेंटिमीटरची फळी टाकली की तोच दाब ०.१ वर येतो. फळी खडबडीत असावी आणि तिच्या खालची माती सपाट केलेली असावी. एका पायाखाली दगड सारून उंची जुळवण्याची सवय मात्र वाईट, दगड डळमळतो. उंच बाजूची माती खणून काढणे केव्हाही बरे. रात्री पाऊस पडून गेला तर सकाळी पहिल्या माणसाने वरूनच विजेरीने शिडीचे पाय पाहून घ्यावेत.

उतरताना तोंड शिडीकडे, आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले. हातात पाण्याचा तांब्या किंवा विजेरी असली की हे जमत नाही. म्हणून विजेरी गळ्यात अडकवावी आणि बाकीचे सामान दुसऱ्याने खालून द्यावे. पायमोजे घालून ओल्या ॲल्युमिनियमवर पाऊल ठेवू नये. शिडी मिटताना नळ्यांतली वाळू पुसून काढावी आणि बोटे दोन पायऱ्यांच्या मध्ये येणार नाहीत अशी बाहेरच्या बाजूने धरावीत.