आईची धाप

गोव्यातल्या आमच्या पाळी गावात कुणाला धाप लागली की लोक वयावर नाहीतर खाणीच्या धुळीवर बोट ठेवतात. आईचंही तसंच झालं. साखळी शहरातल्या डॉक्टरांनी मात्र तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग नळी मानेपर्यंत सरकवली. तिथेही तोच खरखरीत आवाज. बांबोळीच्या इस्पितळात हृदयाचा इको करायला त्यांनी सांगितलं.

हृदयातून महाधमनी निघते तिथे तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी झडप तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडते. एकापेक्षा कमी उघडली तर आजार गंभीर. आईच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचलं होतं. पडद्यावर त्या जेमतेम हलत होत्या. माझा जन्म खाणीच्या वर्कशॉपात गेला. पंपाचा व्हॉल्व्ह असा जाम झाला की तो बदलावाच लागतो. औषधांनी त्रास हलका होतो, झडप मोकळी होत नाही. गंभीर आजारात धाप किंवा चक्कर सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर निम्मे रुग्ण दोनेक वर्षांत दगावतात.

पण ऐंशी ओलांडलेल्या बाईची छाती उघडायची? फ्रान्समध्ये रूआँला डॉ. आलाँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ५७ वर्षांच्या रुग्णाला रक्तवाहिनीतून नवी झडप बसवली. तीच पद्धत म्हणजे 'टावी'. आता बहुधा जांघेतल्या धमनीतून, घडी केलेली झडप नळीने वर नेतात. फुग्याने उघडणारी झडप असेल तर काही क्षण हृदयाचे ठोके मुद्दाम खूप वाढवतात, म्हणजे रक्ताचा जोर कमी होतो. तेवढ्यात फुगा फुगवतात. जुनी झडप कडेला दाबली जाते, नवी लगेच काम करू लागते. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हालही अशीच.

पाकळ्या बहुधा गायीच्या हृदयावरच्या आवरणाच्या असतात. आईला हे सांगू नये, असं धाकट्या भावाचं मत. मी सांगितलं. तिने देवळात प्रसाद लावला, उजवा मिळाला, म्हणजे देवाचा होकार, मग हो म्हणाली.

धोके आहेतच: पक्षाघात, कडेने गळती, कधी पेसमेकर. आधी सीटी स्कॅनवर मापं घेतात. धमन्या अरुंद असल्या तर वाट बदलते. साठीच्या आतल्या रुग्णाला बहुधा शस्त्रक्रियाच सुचवतात, कारण ही झडप आयुष्यभर टिकेल याची खात्री नाही. खर्च लाखांत जातो. विमा किंवा सरकारी योजना त्यातला किती भाग उचलेल, ते आधीच लेखी घ्या. आणि हृदयरोगतज्ज्ञ व सर्जन, दोघांनाही एकत्र बसवून विचारा.