नकार आलेली संहिता

पूर्व फ्रान्समधलं बझाँसाँ हे स्विस सरहद्दीजवळचं शहर घड्याळांसाठी प्रसिद्ध. नाटकासाठी तिथे मुद्दाम कोणी जाईल असं नाही. पण आजच्या फ्रेंच रंगभूमीवरची पुष्कळशी नाटकं साध्या निळ्या मुखपृष्ठांत बांधून तिथूनच बाहेर पडतात. प्रकाशन संस्थेचं नाव ‘ले सोलितेर अँताँपेस्तिफ’. मराठीत सांगायचं तर ‘अवेळी आलेले एकांडे’. १९९२ साली दोन नाटकवाल्या मित्रांनी ती काढली. त्यांतला जाँ-लुक लागार्स तेव्हा ३५ वर्षांचा होता. आपल्याला एचआयव्ही आहे, हे त्याला १९८८च्या जुलैत कळलेलं होतं. आयुष्य आखडत चाललेलं असताना माणूस प्रकाशन संस्था कशाला काढतो, हा प्रश्न मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त छळतो.

लागार्सचे आई-वडील प्युजोच्या कारखान्यात कामाला होते. घरात नाटकाचा वारसा नव्हता. तो बझाँसाँला तत्त्वज्ञान शिकायला आला, तिथल्या नाट्यविद्यालयात रमला आणि १९७८च्या सुमारास सोबत्यांना घेऊन त्याने ‘तेआत्र द ला रुलोत’ ही मंडळी उभी केली. रुलोत म्हणजे फिरस्त्यांची घरगाडी. जाँ व्हिलार एके काळी ज्या फिरत्या मंडळीत होता, तिच्यावरून हे नाव घेतलेलं. फ्राँस्वा बेरर हा या मंडळीतलाच एक नट; प्रकाशन संस्था काढणारा दुसरा मित्र तोच. लागार्स लिहायचा, बसवायचा, कधी स्वतः उभा राहायचा. दिग्दर्शक म्हणून नाव झालं ते मात्र मोलिएर, लाबिश, इओनेस्को यांच्या नाटकांवर. स्वतःच्या लेखनाकडे लोक आदराने पाहत आणि पुढे जात. २०च्या वर नाटकं लिहून झाली, तरी ही ओळख काही बदलली नाही.

१९९० साली बर्लिनमध्ये एका पाठ्यवृत्तीवर राहत असताना त्याने एक नाटक पुरं केलं: ‘झ्यूस्त ला फँ द्यु माँद’, म्हणजे ‘जगाचा अंत, इतकंच’. लुई नावाचा ३४ वर्षांचा माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो. आपण लवकरच मरणार आहोत, हे त्याला आई, भाऊ, बहीण आणि कधीच न भेटलेल्या वहिनीला सांगायचं आहे. दिवसभर सगळे बोलतात. जुनी उणीदुणी निघतात, पोस्टकार्डांवरून तक्रार होते, भाऊ भडकतो. लुई न सांगताच परत जातो. आजाराचं नाव संपूर्ण नाटकात एकदाही येत नाही.

हे नाटक ज्या ज्या वाचन समितीकडे गेलं तिथून परत आलं. त्याच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं. आधीची नाटकं निदान ‘तेआत्र उव्हेर’सारख्या संस्थेने टंकलिखित प्रतींच्या रूपात तरी लोकांपर्यंत पोहोचवली होती. या नकारानंतर सुमारे दोन वर्षं त्याने नवं नाटक लिहिलं नाही.

त्या समित्यांना आज हसणं सोपं आहे. पण कोरी संहिता हातात घेऊन पाहा. रंगसूचना जवळजवळ नाहीत. संवाद कवितेसारखे ओळी तोडून लिहिलेले. आणि माणसं एक वाक्य धड पुरं करत नाहीत. ‘मी आलो’ म्हणतील, मग ‘येत होतो’, मग ‘यायचं ठरवलं होतं’, मग ‘यायला हवं होतं, असं म्हणू या’. हा नमुना माझा, पण चाल त्याची. डोळ्यांनी वाचताना जीव उबगतो. नट तोंडाने म्हणू लागला की कळतं, खरा शब्द घशात अडकलाय म्हणून हा माणूस खोटे शब्द पुन्हा पुन्हा घासून पुसून पाहतोय.

संस्था निघाली ती या नकारानंतर. रागातून निघाली, असं मी म्हणणार नाही. नाटकवाल्याला कळलेलं एक व्यवहारज्ञान त्यात दिसतं: प्रयोग संपला की नाटक हवेत विरतं आणि छापलेली प्रत नसेल तर दुसऱ्या कोणाला ते उचलता येत नाही.

३० सप्टेंबर १९९५ रोजी, व्हेडेकिंटच्या ‘लुलू’च्या तालमी चालू असताना, लागार्स गेला. वय ३८. जाण्याआधी ‘ल पेई ल्वँतँ’ (‘दूरचा देश’) पुरं झालं होतं. त्यात लुई पुन्हा घरी येतो, पण या वेळी मेलेला बाप आणि मेलेला प्रियकरही मंचावर असतात, बाकीच्यांसारखेच बोलत. अनेक औषधं एकत्र देण्याचा जो उपचार एड्सला खरा लगाम घालू शकला, तो पुढच्याच वर्षी रुग्णांपर्यंत पोहोचू लागला.

मागे राहिला बेरर. मराठी वाचकाला इथे अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतील: १८८५ साली ते ‘रामराज्यवियोग’ अपुरं टाकून गेले, पण कंपनी उभी होती, म्हणून त्यांची नाटकं जगली. बेररकडे छापखान्याशी जोडलेलं एक चिमुकलं बिऱ्हाड होतं. त्याने समग्र नाटकांचे चार खंड काढले. १९९९ साली जोएल जुआनोने तेच नाकारलेलं नाटक बसवलं. २००७ साली, लागार्सच्या पन्नाशीचं निमित्त साधून, देशभर ‘लागार्स वर्ष’ झालं. त्याच सुमारास रोजनिशीचे दोन खंड छापून आले. वयाच्या विशीपासून मरेपर्यंत लिहिलेली ही रोजनिशी भाड्याचे पैसे, दवाखाना, पाहिलेले सिनेमे आणि भेटलेले पुरुष यांची सारख्याच कोरडेपणाने नोंद ठेवते. बेररने तिच्यावरून एकपात्री प्रयोगही बसवला. २००८मध्ये ‘जगाचा अंत, इतकंच’ कोमेदी-फ्राँसेजच्या, म्हणजे मोलिएरच्या घरच्या, रंगमंचावर गेलं. २०१६ साली त्यावरच्या झाव्हिए दोलानच्या सिनेमाला कानमध्ये ‘ग्राँ प्री’ मिळालं.

या यशात दैवाचा वाटा होताच, पण त्याहून मोठा वाटा कारकुनीचा. प्रुफं तपासणं, प्रयोगाच्या परवानगीच्या पत्रांना उत्तरं देणं, कोणती प्रत शेवटची ते ठरवणं. न्यू यॉर्कमध्ये एड्सने लेखक नेले तसे त्यांचे दिग्दर्शक, नट आणि नेपथ्यकारही नेले. मग शेवटची प्रत ठरवायची कोणी? चार्ल्स लडलम १९८७ साली गेला. त्याची ‘रिडिक्युलस थिएट्रिकल कंपनी’ जोडीदार एव्हरेट क्विंटनने पुढे चालवली, त्यामुळे ‘द मिस्टरी ऑफ इर्मा व्हेप’ आजही होतं. रॉबर्ट चेस्लीने १९८४मध्येच एड्सवर ‘नाइट स्वेट’ लिहिलं, १९९०मध्ये तो गेला. हॅरी कॉन्डोलिऑनचं ‘झीरो पॉझिटिव्ह’ १९८८ साली पब्लिक थिएटरमध्ये झालं, १९९४मध्ये तोही गेला. या दोघांची नाटकं बसवायला आज कोणाला तरी आधी ती शोधावी लागतात. श्रद्धांजलीच्या संध्याकाळी वाचन होतं, डोळे पाणावतात, आणि संहिता पुन्हा कपाटात जाते. अशा संध्याकाळींबद्दल मला आदर आहे, भरवसा नाही.

बझाँसाँची संस्था केवळ लागार्सचं स्मारक होऊन बसली नाही, हे तिचं शहाणपण. रॉद्रिगो गार्सिया, आंखेलिका लिदेल, पास्काल राँबेर, तियागो रॉद्रिगेश असे जिवंत, भांडकुदळ, बरेचसे दुसऱ्या भाषांतले लेखकही तिच्या यादीत आले. त्यांच्या पुस्तकांशेजारी लागार्स उभा असतो, तोही त्याच निळ्या पुठ्ठ्यात.

आणि ते नाकारलेलं नाटक २०२० नंतर काही वर्षं फ्रान्समध्ये बाकालोरेआ या शालान्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात होतं. बोललेलं पुन्हा पुन्हा दुरुस्त करत जाण्याला अलंकारशास्त्रात नाव आहे, ‘एपानोर्थोझ’. सोळा-सतरा वर्षांची मुलं परीक्षेसाठी ते नाव पाठ करत आणि लुई जिथे जिथे अडखळतो त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढत.